‘संगणकात असेच दिसते आहे’ : सॉफ्टवेअरची चाचणी आणि ग्राहकाचा शब्द

मडके विकत घेताना ते वाजवून घ्यावे, ही आपल्याकडची जुनी शिकवण आहे. पूर्वी नाण्याचा खरेपणाही त्याच्या खणखणीत नादावरून पारखला जाई. बाजारातील तराजू आणि वजने यांची वैधमापन खात्याकडून ठरावीक मुदतीने आजही तपासणी होते आणि त्यांवर शिक्का उमटतो. वस्तू व्यवहारात आणण्यापूर्वी तिची परीक्षा व्हावी, हे तत्त्व व्यापारउदीम करणाऱ्या समाजाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

आज आपल्या रोजच्या उपयोगातील मोबाइल, दूरचित्रवाणी संच, मोटारगाडी, एटीएम, रेल्वेचे तिकीट किंवा बँकेचे पासबुक यांतील प्रत्येक वस्तूमागे सॉफ्टवेअर नावाचा एक अदृश्य घटक काम करीत असतो. तो मडक्यासारखा वाजवून पाहता येत नाही. शिवाय वजनाच्या मापावर एकदा शिक्का बसला की ते माप वर्षभर तसेच राहते. सॉफ्टवेअर मात्र महिन्या-दोन महिन्यांनी बदलत असते. मग या घटकाची परीक्षा कोण करतो, कशी करतो आणि त्या परीक्षेवर आपण कितपत विसंबून राहावे? सॉफ्टवेअर विकसनाच्या व्यवसायात काम करताना हे प्रश्न रोज समोर येतात. बँकेचे ग्राहक आणि कर्मचारी या दोघांचाही त्यांच्याशी निकटचा संबंध असल्याने, घडून गेलेल्या काही उदाहरणांच्या आधारे त्यांचा विचार येथे केला आहे.

चाचणी म्हणजे नेमके काय?

सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाला क्रमवार दिलेल्या सूचना. त्या सूचना योग्य आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी, ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असे उदाहरण संगणकाला घालायचे आणि त्याचे उत्तर आपल्या उत्तराशी ताडून पाहायचे, ही चाचणीची मूळ कल्पना होय. दहा हजार रुपयांवर सहा टक्के दराने एका वर्षाचे सरळव्याज सहाशे रुपये होते. संगणकाने सहाशेच सांगितले, तर ती एक चाचणी उत्तीर्ण झाली.

व्यवहारात या चाचण्यांच्या अनेक पायऱ्या असतात. व्याज मोजणारा छोटासा भाग वेगळा काढून तपासणे ही ‘युनिट टेस्ट’. व्याज मोजणारा भाग आणि पासबुक छापणारा भाग एकत्र नीट चालतात का, हे पाहणे ही ‘इंटिग्रेशन टेस्ट’. नवा बदल केल्यामुळे पूर्वी चालणारे काही बिघडले तर नाही ना, याची खात्री करणे ही ‘रिग्रेशन टेस्ट’. महिन्याच्या एक तारखेला पगार आणि निवृत्तिवेतन जमा होताना लाखो ग्राहक एकाच वेळी आले तर प्रणाली तग धरेल का, हे अजमावणे ही ‘लोड टेस्ट’. शेवटी, ज्यांना ती प्रणाली प्रत्यक्ष वापरायची आहे त्यांनीच ती हाताळून पाहणे ही ‘अॅक्सेप्टन्स टेस्ट’, म्हणजे स्वीकृती चाचणी. बँकेच्या शाखांतील अनेक कर्मचाऱ्यांना या शेवटच्या पायरीचा अनुभव असेल.

इतक्या पायऱ्या ओलांडूनही चूक शिल्लक का राहते? याचे उत्तर साध्या गणितात आहे. दोन संख्यांची बेरीज करणारा एक लहानसा प्रोग्राम घेऊ. प्रत्येक संख्या संगणकाच्या बत्तीस अंकस्थानांत मावणारी आहे असे धरले, तर दोन्ही संख्यांच्या मिळून होणाऱ्या जोड्या एकावर एकोणीस शून्ये मांडल्यावर होणाऱ्या संख्येच्या सुमारे १.८ पट भरतात. सेकंदाला एक अब्ज जोड्या तपासल्या, तरी सर्व जोड्या संपायला सुमारे ५८५ वर्षे लागतील. नुसत्या बेरजेची ही कथा, तर बँकेच्या संपूर्ण प्रणालीची काय असेल! चाचणीने चुकांचे अस्तित्व दाखवता येते, त्यांचा अभाव सिद्ध करता येत नाही, हा विचार डच संगणकशास्त्रज्ञ एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी १९७० च्या सुमारास मांडला, तो याच अर्थाने.

म्हणून चाचणी घेणाऱ्याला निवड करावी लागते. ग्लेनफर्ड मायर्स यांच्या १९७९ सालच्या सॉफ्टवेअर चाचणीवरील ग्रंथाने या निवडीला एक दिशा दिली. प्रोग्राम बरोबर आहे हे दाखवण्यासाठी चाचणी घेऊ नये, त्यातील चूक सापडावी या हेतूने घ्यावी, असा त्यांचा आग्रह होता. हा भेद वरवर लहान वाटतो; परंतु आपलेच काम तपासताना मन नकळत सोपी उदाहरणे निवडते, हे प्रत्येक विकसकाला ठाऊक असते. आपल्याच जमाखर्चाची बेरीज आपणच पुन्हा तपासताना तीच चूक दुसऱ्यांदाही नजरेतून निसटते, हा बँकेतल्या मंडळींचाही अनुभव आहे. एकाने नोंद करावी आणि दुसऱ्याने ती तपासून मंजूर करावी ही बँकेतील जुनी रीत ज्या कारणाने आली, त्याच कारणाने सॉफ्टवेअरमध्ये लिहिणारा आणि तपासणारा वेगळा असावा, असे मानले जाते.

सीमेवरची चूक : ३१ डिसेंबर २००८

निवड कोठे करावी, याचे एक सूत्र असे की चुका बहुधा सीमारेषेवर लपतात. एटीएममधून शंभरच्या पटीत दहा हजारांपर्यंत रक्कम काढता येत असेल, तर पाच हजारांची चाचणी फारसे काही शिकवत नाही. शून्य, शंभर, दीडशे, दहा हजार आणि दहा हजार शंभर या रकमा मात्र बरेच काही उघड करतात.

या सूत्राचे एक बोलके उदाहरण मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या ‘झून’ या संगीत ऐकण्याच्या उपकरणाचे आहे. त्याचे तीस गिगाबाइट क्षमतेचे पहिले मॉडेल नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेत बाजारात आले. दोन वर्षे ते सुरळीत चालले. ३१ डिसेंबर २००८ रोजी मात्र त्या मॉडेलची उपकरणे सुरू होतानाच जागच्या जागी थिजली. कोणतेही बटण दाबले तरी उपयोग होईना.

चूक होती उपकरणातील घड्याळ चालवणाऱ्या भागात, आणि तो भाग दुसऱ्या कंपनीने पुरवलेला होता. हे घड्याळ १९८० पासून उलटलेल्या एकूण दिवसांची संख्या घेऊन चालू वर्ष शोधत असे. त्याची रीत अशी होती : दिवस ३६५ पेक्षा अधिक असतील तोवर वजाबाकी करीत राहा, वर्ष लीप नसेल तर ३६५ वजा करा, वर्ष लीप असेल आणि दिवस ३६६ पेक्षा अधिक असतील तर ३६६ वजा करा. वाचताना ही रीत निर्दोष भासते. आता लीप वर्षाचा शेवटचा दिवस घेऊ. शिल्लक दिवस नेमके ३६६. ही संख्या ३६५ पेक्षा अधिक आहे, म्हणून फेरी चालूच राहते. वर्ष लीप आहे. पण दिवस ३६६ पेक्षा अधिक नाहीत, म्हणून वजाबाकी होत नाही. घाण्याच्या बैलाप्रमाणे प्रोग्राम त्याच जागी फिरत राहतो आणि त्यातून कधीच बाहेर पडत नाही.

उपकरण बाजारात आल्यानंतरचे पहिले लीप वर्ष २००८ हेच होते, म्हणून तोपर्यंत ही चूक प्रत्यक्ष वापरात प्रकटली नव्हती. कंपनीने दिलेला उपायही नमुनेदार होता : बॅटरी पूर्ण संपू द्यावी आणि १ जानेवारीला ग्रीनिच वेळेनुसार दुपार उलटल्यावर ती पुन्हा भरावी. तारीख बदलली की चूक आपोआप नाहीशी होणार होती, आणि पुढील लीप वर्षाच्या अखेरीस पुन्हा प्रकटणार होती. घड्याळ ३१ डिसेंबर २००८ वर लावून उपकरण एकदाच सुरू केले असते, तर एवढ्यावर निभावले असते.

बँकेच्या कामात अशा सीमारेषा पावलोपावली भेटतात. २९ फेब्रुवारीला जन्मलेला निवृत्तिवेतनधारक, सुट्टीच्या दिवशी मुदत पूर्ण होणारी ठेव, आज सज्ञान होणारा अल्पवयीन खातेदार, ३१ मार्चच्या मध्यरात्री सुरू होऊन १ एप्रिलला संपलेला व्यवहार, ही सारी उदाहरणे चाचणीच्या यादीत आवर्जून असावीत. आणि ती सुचवू शकणारी व्यक्ती बहुधा संगणक कक्षात नसते. ती शाखेत, खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेली असते.

ग्राहक कोण, हे कोणी ठरवले?

सीमारेषा केवळ आकड्यांत नसते, ती माणसांतही असते. उपकरण घडवणाऱ्यांच्या मनात ग्राहकाचे एक चित्र असते आणि त्या चित्राबाहेरचा ग्राहक आला की प्रणाली अडखळते.

फेब्रुवारी २०१८ मध्ये अॅपल कंपनीच्या आयफोनमध्ये असाच एक दोष जगासमोर आला. तेलुगू लिपीतील एक अक्षरसमूह संदेशातून आला आणि पडद्यावर उमटवायची वेळ आली की संदेशाचे अॅपच बंद पडे. तो अक्षरसमूह होता ‘ज्ञा’, म्हणजे ‘ज्ञान’ या शब्दाचे आरंभीचे अक्षर. त्यात डोळ्यांना न दिसणारे, अक्षरांची जोडणी ठरवणारे एक चिन्हही मिसळलेले होते. आपल्या लिप्यांत व्यंजने एकमेकांना जोडली जातात, मात्रा मागेपुढे, वर-खाली बसतात. पडद्यावर अक्षरे मांडणाऱ्या प्रोग्रामला ही जोडणी करावी लागते आणि त्या विशिष्ट क्रमापाशी त्याची मांडणी कोसळली. कंपनीने १९ फेब्रुवारी २०१८ रोजी दुरुस्त आवृत्ती दिली. परंतु २०११ च्या जनगणनेनुसार आठ कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा असलेल्या भाषेतील एक अक्षरसमूह जगातील एका अग्रगण्य फोनच्या चाचण्यांतून निसटला होता.

आपल्या देशात ही बाब अधिक महत्त्वाची ठरते. एकाच नावाने ओळखले जाणारे, आडनाव न लावणारे लोक भारतात पुष्कळ आहेत. अर्जात आडनावाचा रकाना सक्तीचा केला की त्यांची अडचण होते. ज्यांच्या बोटांचे ठसे कष्टाने झिजले आहेत, ज्यांना बारीक अक्षर वाचता येत नाही, ज्यांच्या गावात नेटवर्क मधूनच जाते, ज्यांचा फोन घरातील तिघांत मिळून एक आहे, तेही ग्राहकच आहेत. शहरातील कार्यालयात, वेगवान इंटरनेटवर, नव्याकोऱ्या फोनवर उत्तीर्ण झालेले अॅप या सर्वांच्या हाती उत्तीर्ण होईलच असे नाही. चाचणी कोणत्या फोनवर घेतली याची नोंद ठेवली जाते; ती कोणत्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून घेतली, याचीही नोंद असावी.

आकडे सुखरूप, दारे बंद

आता एका बँकेचे उदाहरण पाहू. ब्रिटनमधील टीएसबी ही बँक पूर्वी लॉइड्स समूहाचा भाग होती आणि वेगळी झाल्यावरही लॉइड्सचीच संगणक प्रणाली वापरत होती. स्पेनमधील साबादेल बँकेने तिची मालकी घेतल्यावर नव्या, स्वतंत्र प्रणालीवर जाण्याचे ठरले. एप्रिल २०१८ मधील एका शनिवार-रविवारी सुमारे ५२ लाख ग्राहकांची माहिती जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत हलवण्यात आली.

माहितीचे स्थलांतर यशस्वी झाले, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. खात्यांतील आकडे नव्या जागी पोहोचले होते. परंतु नव्या प्रणालीवर ग्राहक येऊ लागताच ती कोलमडली. तब्बल १९ लाखांपर्यंत ग्राहकांना आपले खाते उघडता येईना. शाखांतील कामकाजही विस्कळीत झाले. व्यवहार पूर्णपणे सुरळीत होण्यास डिसेंबर २०१८ उजाडला. बँकेकडे सव्वादोन लाखांहून अधिक तक्रारी आल्या आणि ग्राहकांना सुमारे ३ कोटी २७ लाख पौंडांची भरपाई द्यावी लागली. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये ब्रिटनच्या दोन नियामक संस्थांनी बँकेला एकूण ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला.

बँकेच्या संचालक मंडळाने नेमलेल्या स्लॉटर अँड मे या विधी संस्थेचा अहवाल नोव्हेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एक निष्कर्ष प्रत्येक संगणक विभागाने लक्षात ठेवावा असा आहे. नवी प्रणाली दोन संगणक केंद्रांवर एकाच वेळी चालणार होती. परंतु प्रणालीला किती भार पेलवतो याच्या चाचण्या त्यांपैकी एकाच केंद्रावर घेतल्या गेल्या होत्या. दोन्ही केंद्रे एकसारखीच असल्याचे गृहीत धरले गेले. प्रत्यक्षात त्यांच्या मांडणीत फरक होता.

चाचण्या झाल्याच नव्हत्या असे नाही. पण तारीख ठरलेली होती आणि त्या तारखेच्या दिशेने सारे धावत होते. अशा वेळी ‘आपण तयार आहोत का?’ या प्रश्नाची जागा ‘आपण तारीख पाळणार ना?’ हा प्रश्न घेतो. विकसकाच्या जीवनात हा क्षण वारंवार येतो. त्या वेळी थांबा म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे आणि तसे म्हणणाऱ्याला शिक्षा होणार नाही याची हमी आहे का, यावर चाचणीचे खरे मोल ठरते.

याच संदर्भात १९ जुलै २०२४ ची घटनाही आठवावी. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने संगणकांच्या संरक्षणासाठी पाठवलेली एक सदोष फाइल जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणकांना बंद पाडून गेली. एका ठिकाणी एकवीस नोंदींची अपेक्षा होती आणि वीसच पुरवल्या गेल्या होत्या, एवढाच तो दोष. फाइल सुमारे सव्वा तासात मागे घेतली गेली. पण तोवर ती सर्वत्र पोहोचली होती. भारतातही विमानतळांवर हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे द्यावी लागली. दहा बँका व वित्तसंस्थांच्या कामात किरकोळ व्यत्यय आल्याचे रिझर्व्ह बँकेने सांगितले. भात शिजला की नाही हे पाहण्यासाठी आपण एक शीत चेपून पाहतो. तसेच नवा बदल आधी थोड्या संगणकांवर द्यावा, काही काळ पाहावे आणि मग पुढे जावे, ही रीत त्या फाइलच्या बाबतीत पाळली गेली असती, तर नुकसान मर्यादित राहिले असते.

जेव्हा ग्राहकाचा शब्द खोटा ठरवला जातो

आतापर्यंतच्या उदाहरणांत प्रणाली बिघडली हे सर्वांना दिसत होते. याहून गंभीर स्थिती म्हणजे प्रणाली चुकते, पण चुकल्याचे दिसत नाही; आणि जो चूक दाखवतो त्याच्यावरच संशय घेतला जातो. ब्रिटनच्या टपाल खात्यातील ‘होरायझन’ प्रकरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे.

तेथील बहुसंख्य टपाल कार्यालये सब-पोस्टमास्तर चालवतात. ते पगारी नोकर नसून, स्वतःच्या दुकानाच्या जोडीने टपाल कार्यालय सांभाळणारे छोटे व्यावसायिक असतात. १९९९ पासून त्यांच्या हिशेबासाठी फुजित्सु कंपनीची होरायझन ही संगणक प्रणाली बसवण्यात आली. त्यानंतर अनेकांच्या हिशेबात अचानक तूट दिसू लागली. तूट भरून देण्याची जबाबदारी करारानुसार त्यांच्यावर टाकली जात होती. कोणी घर गहाण ठेवले, कोणी नातेवाइकांकडून उसने घेतले. मदतीसाठी दूरध्वनी केल्यावर, अशी अडचण तुमच्याखेरीज कोणालाच आलेली नाही, असे आपल्याला सांगितले गेल्याची साक्ष अनेकांनी पुढे दिली. १९९९ ते २०१५ या काळात होरायझनच्या आकड्यांच्या आधारे नऊशेहून अधिक जणांना चोरी, अफरातफर किंवा खोटे हिशेब या आरोपांखाली दोषी ठरवण्यात आले. काहींना तुरुंगवास झाला. त्यांत एक गर्भवती स्त्रीही होती.

प्रणालीत दोष होते. त्यांपैकी एक २०१५ मध्ये स्कॉटलंडमधील डॅलमेलिंग्टन येथे उघडकीस आला आणि त्याच गावाच्या नावाने तो ओळखला जातो. रोख रक्कम मिळाल्याची नोंद करताना पडदा थिजे. कर्मचारी स्वाभाविकपणे पुन्हा कळ दाबी. पडद्यावर काहीच हालचाल दिसत नसली, तरी प्रत्येक दाबण्यासरशी प्रणाली तीच रक्कम नव्याने जमा धरी. ८,००० पौंडांची एकच रक्कम चार वेळा नोंदली गेली आणि प्रत्यक्षात नसलेल्या २४,००० पौंडांचा फरक हिशेबात उभा राहिला.

पडदा थिजल्यावर माणूस पुन्हा कळ दाबणार, हे भाकीत करायला संगणकशास्त्राची गरज नाही. चांगली प्रणाली प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक देते आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला की, ‘हा व्यवहार झालेला आहे’ असे ओळखून तो पुन्हा करीत नाही. एकच कळ दहा वेळा दाबून पाहणे ही चाचणी लहान मुलालाही सुचेल. गंभीर मुद्रेने चाचणी घेणाऱ्यांना ती कधी कधी सुचत नाही.

तथापि, हा दोष इतक्या माणसांचे आयुष्य उद्ध्वस्त करू शकला, याचे कारण केवळ तांत्रिक नव्हते. इंग्लंडच्या कायद्यात पूर्वी संगणकीय पुरावा सादर करणाऱ्याला संगणक नीट चालत होता हे दाखवावे लागे. ही अट १९९९ च्या कायद्याने रद्द झाली आणि त्यानंतर, विरुद्ध पुरावा नसेल तर संगणक बरोबर आहे असे न्यायालये गृहीत धरू लागली. ज्याच्या हाती प्रणालीच्या आतील नोंदी नाहीत, त्या सब-पोस्टमास्तरने विरुद्ध पुरावा आणायचा कोठून? अॅलन बेट्स यांच्या पुढाकाराने ५५५ जणांनी एकत्र येऊन दावा लढवला. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी होरायझनमध्ये दोष होते आणि त्यांमुळे हिशेबात तूट दिसू शकत होती, असा निर्णय दिला. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांची शिक्षा रद्द केली आणि मे २०२४ मध्ये संसदेने कायदा करून शेकडो जणांना दोषमुक्त केले. जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालाच्या पहिल्या खंडात, किमान १३ आत्महत्यांचा या प्रकरणाशी संबंध असू शकतो, असे नमूद आहे.

‘संगणकात असेच दिसते आहे’ हे वाक्य आपल्याकडेही खिडकीवर सहज उच्चारले जाते. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्याला खरोखरच तसे दिसत असते. परंतु पडद्यावरचा आकडा हे प्रणालीचे म्हणणे आहे. ग्राहकाचे म्हणणे त्याच्याशी जुळत नसेल, तर दोहोंपैकी कोणते खरे हे तपासून ठरवायचे असते, आणि तपासण्याची साधने ग्राहकाकडे नसून संस्थेकडे असतात. म्हणून तपासण्याची पहिली जबाबदारीही संस्थेचीच ठरते.

आपण काय करू शकतो?

प्रणाली कितीही तपासली तरी चूक संभवते, हे एकदा मान्य केले की पुढचा प्रश्न उरतो तो चूक झाल्यावर काय, हा. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये काढलेले परिपत्रक याच विचारावर उभे आहे. एटीएममधून रोख रक्कम न मिळता खात्यातून पैसे वजा झाले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते आपोआप परत जमा व्हावेत; यूपीआयद्वारे दुसऱ्याच्या खात्यावर पाठवलेली रक्कम तेथे जमा झाली नाही, तर ती एक दिवसात परत यावी; आणि मुदत उलटल्यास विलंबाच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई ग्राहकाने न मागताही द्यावी, असे त्यात ठरवून दिले. व्यवहार मध्येच तुटू शकतो हे गृहीत धरून त्याची परतीची वाट आधीच आखून ठेवणे, हा चांगल्या प्रणालीचा गुण आहे.

ग्राहकांनी काही साध्या सवयी लावून घ्याव्यात. पडदा थिजला किंवा पैसे गेले की नाही हे कळेना, तर लगेच पुन्हा कळ दाबू नये. आधी शिल्लक किंवा खात्याचा उतारा पाहावा. प्रत्येक व्यवहाराचा संदर्भ क्रमांक जपून ठेवावा; पैशांचा माग त्यावरूनच लागतो. तक्रार करताना ‘अॅप चालत नाही’ एवढेच न लिहिता दिनांक, वेळ, रक्कम, संदर्भ क्रमांक, कोणती कळ कोणत्या क्रमाने दाबली आणि पडद्यावर नेमके कोणते शब्द उमटले, ते लिहावे. विकसकाच्या दृष्टीने अशी तक्रार म्हणजे अर्धी दुरुस्ती असते, कारण तीच चूक त्याला आपल्या टेबलावर पुन्हा घडवून पाहता येते. मात्र पासवर्ड, पिन किंवा ओटीपी हे तक्रारीत कधीही लिहू नयेत. दुरुस्तीसाठी त्यांची कोणालाच गरज नसते. तसेच मदतीसाठी लागणारा दूरध्वनी क्रमांक पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागील बाजूवरून घ्यावा.

कर्मचाऱ्यांनी स्वीकृती चाचणीला केवळ सही करण्याचा उपचार समजू नये. दिलेल्या यादीतील सोपी उदाहरणे संपल्यावर, आपल्या शाखेतील सर्वांत अवघड ग्राहक आठवावेत आणि त्यांच्या वतीने प्रणालीला प्रश्न विचारावेत. एकच तक्रार दोन वेगवेगळ्या ग्राहकांकडून आली, तर तो योगायोग मानून सोडून न देता वरिष्ठांना लेखी कळवावी. दुसऱ्या शाखेतही तशीच एखादी तक्रार पडून असू शकते. आणि आपल्याकडे कोणीच अशी तक्रार केलेली नाही, असे सांगण्यापूर्वी ते खरे आहे का, याची खात्री करून घ्यावी.

प्रयोगशाळेतील चाचणी एका दिवशी संपते. वस्तू बाजारात गेल्यावर तिची खरी परीक्षा सुरू होते आणि ती रोज चालू राहते. ही परीक्षा घेणारे लाखो परीक्षक म्हणजे ग्राहक. त्यांच्या तक्रारीत प्रत्येक वेळी तथ्य असेलच असे नाही. कधी विसर पडलेला असतो, कधी घरातीलच कोणी व्यवहार केलेला असतो. पण तेही तपासाअंती समजते, आधी नाही. एखादे ज्येष्ठ गृहस्थ पासबुक पुढे करून ‘हा व्यवहार मी केलेला नाही’ असे म्हणतात, तेव्हा त्यांची तक्रार नोंदवून घेणे, तिचा क्रमांक त्यांच्या हाती देणे आणि उत्तर केव्हा मिळेल ते सांगणे, एवढे काम कोणतीही नवी प्रणाली न घेता आजपासून करता येण्याजोगे आहे.